गाण्याच्या आगेमागेचे बोलणेही जपणारा संग्रह : लोमॅक्स डिजिटल आर्काइव्ह

डोंगराळ भागातील लोकगीतांचे संग्रह ऐकताना बहुधा एक रुखरुख राहते. गाणे ऐकायला मिळते. मात्र ते कोणी कोणाकडून उचलले, घरात केव्हा म्हटले जाई, गाणाऱ्याच्या मनात त्याची काय जागा होती, याचा थांग लागत नाही. ‘लोमॅक्स डिजिटल आर्काइव्ह’ हा संग्रह मला मोलाचा वाटतो तो ही रुखरुख बरीच कमी करतो म्हणून. अमेरिकन लोकसंगीत-संकलक अ‍ॅलन लोमॅक्स (1915–2002) यांनी 1983 मध्ये स्थापन केलेल्या ‘असोसिएशन फॉर कल्चरल इक्विटी’ या संस्थेने त्यांची हजारो ध्वनिमुद्रणे येथे विनामूल्य ऐकण्यासाठी खुली केली आहेत.

1959 मध्ये लोमॅक्स आणि इंग्लिश गायिका शर्ली कॉलिन्स स्टिरिओ टेपरेकॉर्डर घेऊन अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरले. अ‍ॅपलाचियन आणि ओझार्क डोंगरांतील गायकांच्या गाण्यांबरोबर त्यांनी त्यांचे बोलणेही मुद्रित केले, आणि या मुलाखतींची स्वतंत्र नोंद संग्रहात आहे. म्हणूनच सुटे गाणे शोधण्यापेक्षा एखादे ठिकाण निवडून तिथली सगळी मुद्रणे ओळीने ऐकावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. व्हर्जिनियातील टेक्सास ग्लॅडन वाद्यांच्या साथीशिवाय जुनी कथागीते गात, तर त्यांचे भाऊ होबार्ट स्मिथ बँजो आणि फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) वाजवत. एकाच घरात मुरलेल्या या दोन वाटा एकापाठोपाठ ऐकल्या की परंपरा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

लोमॅक्स यांनी 1978 ते 1985 या काळात केलेली चित्रीकरणे तर मी पुन्हा पुन्हा पाहतो. 1895 साली जन्मलेले आणि आयुष्याची अनेक वर्षे कोळशाच्या खाणीत घालवलेले निम्रॉड वर्कमन गाऊ लागतात तेव्हा हात, मान, डोळे सगळेच कथेत उतरतात. नॉर्थ कॅरोलिनातील बीच माउंटनचे रे हिक्स ‘जॅक’ नावाच्या पोराच्या कथा सांगत. त्यांच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या कथा त्यांच्या संथ, हेलकावे घेणाऱ्या बोलीत ऐकल्या की छापील संहितेत किती गोष्टी निसटतात ते कळते: ते कुठे थांबतात, कुठे आवाज खाली आणतात, ऐकणाऱ्याकडे कधी पाहतात.

पुस्तकी इंग्रजीची सवय असलेल्या कानाला ही बोली सुरुवातीला जड जाते. पहिल्यांदा नुसते ऐकावे आणि दुसऱ्या वेळी शब्दांच्या मागे जावे. शिवाय संग्रह कितीही मोठा असला तरी त्यातील निवड मुख्यतः एका संकलकाच्या कानाने झालेली आहे, याचे भान ठेवावे लागते. जे गायक त्यांच्या वाटेवर आले नाहीत, ते येथेही नाहीत.

ही संस्था मुद्रणांच्या प्रती ती जिथे झाली त्या भागांतील ग्रंथालयांकडेही सोपवते. अमेरिकेतील अभ्यासकाला जे ऐकायला मिळते तेच गायकाच्या नातवंडांना आपल्या गावात ऐकता यावे, यासाठीची ही धडपड मला या संग्रहाच्या आकारापेक्षा मोठी वाटते.