20 इंच की 26 इंच? .22 रायफलीच्या दोन नळ्या, काही महिने वापरून

गेले काही महिने मी .22 एलआर या छोट्या काडतुसाच्या एकाच टार्गेट रायफलीवर दोन नळ्या आलटूनपालटून वापरते आहे. एक 26 इंची, म्हणजे 66 सेंटिमीटरची, 50 मीटरच्या रायफलींवर वर्षानुवर्षं दिसणारी. दुसरी 20 इंची, म्हणजे जेमतेम 51 सेंटिमीटरची. दोन्हींची जाडी 22 मिलिमीटर, दोन्हींच्या आतला, गोळीला फिरवणारा पीळ 16 इंचांत एक फेरा. ॲक्शन (बोल्टची यंत्रणा) तीच, स्टॉक (दस्ता) तोच, ट्रिगरचं वजन तेच, आणि तुलनेसाठी काडतुसं एकाच लॉटमधली, म्हणजे एकाच खेपेत बनलेली. हे सगळं जुळवून घेतल्याशिवाय लांबीवर बोलण्यात अर्थ नाही. यातले निम्मे वाद दोन निरनिराळ्या रायफली शेजारी ठेवून झालेले असतात.

सगळे आधी विचारतात ते वेगाचं. लांब नळी म्हणजे जास्त वेग, हा समज मोठ्या काडतुसांवरून आलेला आहे. .308 सारख्या काडतुसात दारू भरपूर असते, ती जळायला आणि गोळीला ढकलायला जागा लागते; तिथे नळी एक इंच कमी केली की वेग साधारण 20 ते 30 फूट प्रति सेकंदांनी उतरतो. .22 एलआरमध्ये दारू चिमूटभर. तिचं बहुतेक काम 16 ते 19 इंचांत संपतं. त्यापुढे मागचा दाब इतका घटलेला असतो की घर्षण त्याची बरोबरी करतं, आणि काही काडतुसांत गोळी शेवटच्या इंचांमध्ये किंचित मंदावतेसुद्धा. माझ्या दोन नळ्यांत क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दिसलेला फरक एकाच डबीतल्या काडतुसांच्या आपसातल्या फरकाहून लहान होता.

आणि 50 मीटरवर वेग हवाच कशाला? मॅचची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, 320-330 मीटर प्रति सेकंदांच्या आसपास ठेवलेली असतात. हाय व्हेलॉसिटी काडतूस वाऱ्यात उलट जास्त वाहवत जातं. इथे महत्त्व आहे ते वेगाच्या एकसारखेपणाला. हिशोब सोपा आहे: 325 मीटर प्रति सेकंदांनी निघालेली गोळी 50 मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. वेग 10 मीटरनी कमी पडला की ती आणखी 7 मिलिमीटरच्या आसपास खाली लागते. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं आहे. ग्रुप, म्हणजे निशाणावर पडलेल्या भोकांचा पुंजका, उभा ताणलेला दिसला की माझा पहिला संशय काडतुसांच्या लॉटवर जातो. नळीच्या लांबीपर्यंत तो अजून एकदाही पोहोचलेला नाही.

लांबीचा खरा परिणाम जाणवला तो दोन ठिकाणी, साइट्समध्ये (नेम धरायच्या साधनांत) आणि खांद्यात.

साइट्सचं आधी. 26 इंची नळीच्या टोकावर पुढची साइट बसवली की तिचं मागच्या डायऑप्टरपासूनचं (बारीक छिद्राच्या साइटपासूनचं) अंतर साधारण 85 सेंटिमीटर भरतं, 20 इंचीवर 70. पुढच्या साइटमधली रिंग, जिच्यात निशाणाचं काळं वर्तुळ धरायचं असतं, ती मध्यापासून एक दशांश मिलिमीटर सरकलेली असताना गोळी सुटली, तर 70 सेंटिमीटर अंतरावर ती 50 मीटरला 7.1 मिलिमीटर बाजूला जाईल आणि 85 वर 5.9. हा सव्वा मिलिमीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम धरताना) मला स्पष्ट दिसला, कारण तिथे होल्ड, म्हणजे रायफल धरून ठेवणं, इतका स्थिर असतो की नेम जुळवण्यातली चूक उघडी पडते. शिवाय चाळिशीनंतरच्या डोळ्यांना रिंग जितकी दूर तितकी ती स्वच्छ दिसते. मात्र दूर गेलेली रिंग लहान भासते, तेव्हा इन्सर्ट, म्हणजे ती काढता-घालता येणारी रिंग, बदलावा लागतो. मला 3.6 मिलिमीटरच्या जागी 4.2 ची घ्यावी लागली, तेव्हा कुठे काळ्याभोवती पूर्वीइतकं पांढरं दिसू लागलं. हे न करता कोणी "लांब नळीवर मला नीट दिसत नाही" म्हणत असेल तर आधी रिंग बदलून पाहावी. दुर्बीण लावून खेळणाऱ्यांना हा सगळा परिच्छेद लागूच नाही, आणि त्यांनी म्हणूनच 26 इंचाचा हट्ट सोडावा असं माझं ठाम मत आहे.

आता खांदा. एवढ्या जाडीच्या पोलादी नळीचं वजन दर इंचाला 70 ग्रॅमच्या आसपास भरतं. सहा इंच म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम, आणि तेही शरीरापासून सर्वांत लांबच्या टोकाला. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची वजनाला मर्यादा आहे, पण एकूण वजनाची मला अडचण आली नाही. ते वजन कुठे बसतं यावर सगळं ठरतं. प्रोनमध्ये स्लिंग (हाताला बांधलेला पट्टा) भार पेलते, तिथे लांब नळीचा त्रास नाही. उलट पुढचं जडपण धक्का दाबून धरतं आणि गोळी सुटल्यावर रायफल आपल्या जागी परत येते. नीलिंगमध्येही (गुडघा टेकून) जमून जातं. स्टँडिंगमध्ये (उभ्याने) मात्र पहिले दोन आठवडे मी लांब नळीच्या प्रेमात होते. डुलणं संथ झालं, काळं रिंगमध्ये शांत बसल्यासारखं वाटलं. मग गोळ्यांची मालिका लांबत गेल्यावर कंबरेतून मागे झुकणं वाढायला लागलं, डावा हात फासळ्यांवरून घसरू लागला, आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या गोळ्यांच्या जागी पडेनात. संथ डुलण्याची दुसरी बाजूही तेव्हा कळली: जड टोक एकदा मध्यावरून सरकलं की परत यायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात श्वास संपत आलेला असतो. 20 इंची नळी जास्त हलते, पण ते हलणं लहान, लवकर परतणारं असतं. माझ्या अंगकाठीला ते मानवतं. उंच, लांब हातांच्या नेमबाजाचा अनुभव याहून निराळा असणार, आणि त्याने माझ्या शब्दावर जाऊ नये. पुढे वजन लावून, काढून, स्वतः बघावं.

आखूड नळीच्या बाजूने आणखी दोन गोष्टी. टोकाला तेवढाच भार दिला तर नळीचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे याच जाडीची 20 इंची नळी 26 इंचीच्या निम्म्याहूनही कमी वाकते. दुसरी गोष्ट वेळेची. सहा इंच कमी म्हणजे गोळी सुमारे अर्धा मिलिसेकंद आधी मोकळी. ऐकायला क्षुल्लक, पण या वेळात रायफल खांद्यावर सरकायला लागलेली असते, आणि फॉलो-थ्रू (ट्रिगर दाबल्यावरही नेम धरून ठेवणं) कच्चा असेल तर तीच हालचाल ग्रुपमध्ये उतरते. 10 मीटरच्या एअर रायफलीत, जिथे छर्रा 170 मीटर प्रति सेकंदांच्या आसपास बाहेर पडतो, हाच मुद्दा दुपटीने लागू होतो. आवाज आखूड नळीचा थोडा जास्त; कानांवर संरक्षण दोन्हीकडे हवंच.

मग साइट्सचा फायदा सोडायचा का? नाही. 20 इंची नळीच्या तोंडावर पोकळ एक्स्टेन्शन ट्यूब बसते. तिचं आतलं भोक गोळीहून बरंच मोठं असतं, त्यामुळे गोळी 20 इंचांवर मोकळी होते आणि पुढची साइट मात्र दूर, हवी तिथे राहते. ॲल्युमिनियमची ट्यूब हलकी असते, तिच्यावर छोटी वजनं मागेपुढे सरकवता येतात. 50 मीटरच्या मॅच रायफलींवर हे आता सर्रास दिसतं. माझी रायफल सध्या अशीच आहे आणि प्रोनमधले माझे ग्रुप 26 इंची नळीच्या ग्रुपांहून वेगळे काढता येत नाहीत.

एक विनंती कळकळीने. हातात चांगली 26 इंची नळी असेल तर ती कापून आखूड करायच्या फंदात पडू नका. बऱ्याच मॅच नळ्यांचं भोक तोंडाशी किंचित आवळलेलं ठेवतात. पुढून कापलं की तो भाग गेला, आणि क्राउन (नळीच्या तोंडाची कड) नव्याने घडवावा लागतो, तोही जाणकार कारागिराकडूनच. नळीच्या किमान लांबीचे कायदेही देशागणिक वेगळे आहेत. आखूड हवी असेल तर मूळची आखूड नळीच घ्या.

ट्यूब लावणाऱ्यांसाठी एवढं: ती नळीशी समअक्ष बसली आहे का ते गोळी झाडण्याआधी रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, मागून पाहून खात्री करा. पुढच्या साइटची उंची बदलली की डायऑप्टरचे क्लिक (नेम सरकवायचे टप्पे) नव्याने मोजावे लागतात, ते लिहून ठेवा. ट्यूबच्या आत शिशाची आणि मेणाची भुकटी नळीपेक्षा लवकर साचते, त्यामुळे मी ती दर सरावानंतर उतरवून पुसते.