पिल्स्नर, व्हीट, आयपीए की स्टाउट? रंगावर जाऊ नका

काळी बिअर म्हणजे कडक आणि पिवळी म्हणजे हलकी, या समजापायी कितीतरी जण आपल्याला आवडली असती अशी बिअर कधी तोंडालाच लावत नाहीत. गिनेस ड्राफ्ट ही काळीभोर स्टाउट, पण तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्क्यांच्या आसपास. पिल्स्नर उर्केल ही सोनेरी बिअर, तिच्यात ४.४ टक्के. काळेपणा येतो खरपूस भाजलेल्या धान्यातून, आणि धान्य भाजल्याने अल्कोहोल वाढत नाही. तो वाढतो यीस्टला खायला जास्त साखर मिळाली की. तेव्हा कडकपणा पाहायचा असेल तर लेबलवरचा टक्का वाचा, आणि चव ओळखायची असेल तर घटकांकडे बघा.

मूळ घटक चारच. पाणी तर नव्वद टक्क्यांहून जास्त. बार्ली भिजवून, तिला मोड आणून, मग भट्टीत सुकवली की झालं माल्ट. त्यातून साखर, रंग आणि पावाच्या कडेसारखी चव येते. हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. ती बराच वेळ उकळली की कडवटपणा देतात, शेवटी घातली की सुगंध. चौथं यीस्ट, जे साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करतं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली बिअरसाठी जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलेलं आहे, यीस्टचं नाव नाही. पुढे यीस्ट किती महत्त्वाचं आहे ते कळलं, आणि मला तर निवडीचा पहिला फाटा तिथेच फुटतो असं वाटतं.

पिल्स्नर की व्हीट बिअर

दोन्ही फिक्या, दोन्ही उन्हाळ्यात छान लागणाऱ्या. तरी एकीचा चाहता दुसरी पिऊन हमखास चकित होतो.

पिल्स्नर ही लागर जातीची. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला. मग ती बिअर कित्येक आठवडे शून्याच्या जवळपास ठेवतात. ‘लागर्न’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवून ठेवणं. इतक्या सावकाश प्रक्रियेत यीस्ट स्वतःचा वास फारसा मागे ठेवत नाही, म्हणून माल्ट आणि हॉप्स स्वच्छ कळतात. योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी आजच्या चेक देशातल्या पिल्झेन गावात अशी पहिली सोनेरी बिअर रांधली. फिकट माल्ट, तिथलं अतिशय मृदू पाणी आणि झात्स भागातले नाजूक हॉप्स यांचा मेळ बसला. पिल्स्नरमध्ये लपायला जागा नसते, म्हणून चांगली पिल्स्नर करणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो. थोडी जरी चूक झाली तरी पहिल्या घोटात कळते.

इथे एक फरक लक्षात ठेवा. जगभर सर्वांत जास्त खपणाऱ्या फिक्या लागरपैकी बऱ्याच बिअरमध्ये बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका असतो. ती भेसळ नव्हे. त्याने बिअर हलकी आणि सुटसुटीत होते, चवही तितकीच पातळ होते. तहान भागवायला ती ठीक. पण अशी एक बाटली पिऊन ‘लागर म्हणजे बेचव’ असं ठरवू नका. फक्त माल्टची पिल्स्नर एकदा प्या.

जर्मन व्हीट बिअरमध्ये निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट असतं, पण खरी गंमत यीस्टची. नाक जवळ नेलं की पिकलेलं केळं आणि लवंग. या दोन्ही गोष्टी त्या बिअरमध्ये घातलेल्या नसतात, यीस्टच आंबवताना तसे वास तयार करतं. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांमुळे आणि तरंगत राहिलेल्या यीस्टमुळे, तो दोष नाही. ओतताना बाटलीत थोडी शिल्लक ठेवायची, हलकेच घुसळायची आणि तळाचं यीस्टही ग्लासात घ्यायचं.

बेल्जियन विटबिअर मात्र वेगळी. तिच्यात माल्ट न केलेला गहू असतो, शिवाय धणे आणि संत्र्याची साल खरोखर घातलेली असते. ही जात विसाव्या शतकाच्या मध्यात संपल्यातच जमा होती. होगार्डन गावात पूर्वी दूध वाटण्याचं काम करणाऱ्या पिएर सेलिस यांनी १९६६ च्या सुमारास ती पुन्हा उभी केली.

माझा कौल असा: कडवट आवडत नसेल तर व्हीट, कारण तिच्यात हॉप्स नावापुरते असतात. खारट, तळलेल्या पदार्थांसोबत काही हवं असेल तर पिल्स्नर, कारण तिचा कडवटपणा जिभेवरचा तेलकटपणा धुऊन काढतो.

कडवट हवी, पण कोणत्या तऱ्हेची?

आयपीए (म्हणजे इंडिया पेल एल) आणि स्टाउट दोन्ही कडवट म्हणून ओळखल्या जातात. दोन्ही एल जातीच्या, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेल्या. पण एकीचा कडवटपणा हिरवा, दुसरीचा भाजका. लिंबाची साल चावली की जे जाणवतं ते आयपीएच्या जवळचं. बिनदुधाची काळी कॉफी आवडत असेल तर तुमचा रस्ता स्टाउटकडे जातो.

आयपीएमध्ये सगळा खेळ हॉप्सचा. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाची हॉप्सची जात आली आणि ग्रेपफ्रूटसारखा तिचा वास पुढे अमेरिकन एल बिअरची ओळख बनला. पाण्याचाही वाटा आहे. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्समचे क्षार भरपूर, त्याने हॉप्सची चव कोरडी आणि टोकदार होते. लेबलवर आयबीयू हा आकडा दिसला तर तो कडवटपणाचा. व्हीट बिअर १० च्या आसपास, पिल्स्नर साधारण २५ ते ४५, अमेरिकन आयपीए ४० ते ७०. पण माल्टचा गोडवा भरपूर असला तर मोठा आकडाही सौम्य लागतो, म्हणून केवळ आकड्याला घाबरू नका. ‘हेझी’ प्रकारची आयपीए गढूळ असते. ओट्समुळे ती मऊ लागते आणि हॉप्स उशिरा घातल्यामुळे कडू कमी, फळाळ जास्त. आयपीएची सुरुवात करायला मी तीच सुचवीन.

आयपीए ताजीच घ्या. हॉप्सचा सुगंध काही महिन्यांत उडून जातो आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते. मी पहिल्यांदा प्यायलो ती आयपीए कपाटात उबेला पडून जुनी झालेली होती, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या प्रकाराच्या वाटेला गेलो नाही. पुढे ताजी प्यायल्यावर कळलं की आपण काय गमावलं होतं. भरल्याची तारीख बघितल्याशिवाय मी आता आयपीए उचलत नाही.

स्टाउटचा आधार भाजलेली बार्ली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी धान्य भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि थोड्याशा काळ्या माल्टने अख्खी बिअर काळी करता येऊ लागली. आयरिश स्टाउटचा सायीसारखा फेस नायट्रोजनचा. त्याचे बुडबुडे बारीक असतात, त्यामुळे पातळ बिअरही तोंडात दाट वाटते. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते. यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडी टिकते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी ती टाळावी. इम्पीरियल स्टाउट मात्र खरोखर कडक, सहसा ८ टक्क्यांच्या पुढे. छोटा ग्लास घ्या आणि सावकाश प्या.

बेल्जियमची आंबट लाम्बिक मी या तुलनेत बसवत नाही. हवेतलं रानटी यीस्ट, लाकडी पिंपं आणि वर्षांची वाट, तिची जातच निराळी. वाइन आवडणाऱ्याने मात्र ती चाखावी.

कोणतीही घेतली तरी उजेडापासून जपा. प्रकाशाने हॉप्समधले घटक बिघडतात आणि उग्र दर्प येतो. तपकिरी बाटली हिरवीपेक्षा बरी, कॅन सर्वांत बरा. पिल्स्नर ४ ते ७ अंशाला, स्टाउट आणि भारी एल ८ ते १२ अंशाला. बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते, मग महागडे हॉप्स कशाला घातले तेच कळत नाही. शक्यतो ग्लासात ओता, बाटलीच्या तोंडातून वास मिळत नाही. दोन प्रकार एकाच बैठकीत चाखायचे असतील तर व्हीट आधी, आयपीए नंतर. उलट केलं तर व्हीट पाण्यासारखी लागेल.

ग्लुटेन चालत नसेल तर बार्ली आणि गहू दोन्ही अडचणीचे, त्यासाठी वेगळ्या बिअर मिळतात. कडक शाकाहारी असाल तर बिअर नितळ करायला माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरला आहे का ते विचारा, काही पारंपरिक एलमध्ये तो वापरतात. आणि परत जाताना गाडी तुम्हीच चालवणार असाल, तर बिनअल्कोहोलची व्हीट मागवा. बिनअल्कोहोल प्रकारांत मला तीच सर्वांत भरीव वाटते.