‘उत्सव’ची डीव्हीडी: सात महिने, साडेचारशे रुपये आणि चढलेली पट्टी

साडेचारशे रुपये गेले, ते आधी लिहून टाकतो. एकशे ऐंशीची डीव्हीडी आणि तिच्यापायी प्लेअरच्या दुरुस्तीला साडेचारशे. प्लेअरला काहीही झालं नव्हतं, हे मला परवा कळलं.

‘उत्सव’ कसा आहे हे नव्याने सांगत बसत नाही. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकावरचा 1984 चा सिनेमा, शशी कपूरची निर्मिती, गिरीश कर्नाडांचं दिग्दर्शन, वसंतसेना ही गणिका म्हणजे रेखा. ज्यांना बघायचाय त्यांनी तो केव्हाच बघितलाय, आणि कशासाठी बघितला तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मीसुद्धा कॉलेजात असताना घरी ‘लायब्ररीत जातो’ सांगूनच बघितला होता. तर हा अनुभव तबकडीचा.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली. सीलबंद, छापील किंमत दोनशे नव्व्याण्णव. विक्रेता दोनशेवर अडला होता, मी पुढच्या गाळ्याकडे चार पावलं टाकल्यावर एकशे ऐंशीला आला. कव्हरवर रेखा आणि दागिने, बाकी फारसं काही नाही. पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून घरी आणली.

पहिल्या रात्री चित्र बघून समाधान झालं. समईच्या उजेडातल्या प्रसंगांत कोपऱ्यांत चौकोन चौकोन दिसतात, काळा रंग करडा होतो. अशोक मेहतांच्या छायाचित्रणाचं हे असं व्हावं याचं वाईट वाटतं, पण एकशे ऐंशीत एवढं चालतं. सबटायटल्स आहेत, मी बंद ठेवली. मेनूत गाणी वेगळी निवडता येतात, ते बरं आहे.

आणि मग ‘मन क्यूँ बहका’ लागलं. लता आणि आशा दोघी एकत्र. आमच्या हिला हे गाणं पेटीवर वाजवायची फार हौस. ती आतून आली, पेटी उघडली, दोन पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, “अहो, हे कुठंच बसत नाहीये.”

खालची पट्टी दाबली की गाणं चढं वाटायचं, वरची दाबली की उतरलेलं. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकलेलं गाणं. घरातल्या एलपीवर तेच गाणं लावलं तर खालच्या पट्टीवर चपखल बसलं. बायको म्हणाली, राहू दे. मला राहू देता येईना. पुढचे तीन महिने मी त्या सिनेमात दुसरं काही बघितलंच नाही. रेखा पडद्यावर दागिने उतरवतेय आणि मी हातात पेटी ट्यून करायचं ॲप धरून बसलोय. हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं तसं झालं.

पहिला संशय प्लेअरवर. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात नेला. “मोटर फास्ट फिरत असेल काका,” म्हणाला. आठ दिवस ठेवून घेतला, लेन्स साफ केली, काहीतरी बदललं म्हणाला, साडेचारशे घेतले. जुना भाग मागितला तर “तो कचऱ्यात गेला”. घरी आणून लावला, गाणं जिथल्या तिथं, फटीतच. परत गेलो तर म्हणाला, तुमची सीडी डुप्लिकेट. जुन्या बाजारातल्याकडे गेलो तर तो म्हणाला, तुमचा प्लेअर खराब. दोघांच्या मधे मी बुधवार पेठेतून मंगळवार पेठेत चार चकरा मारल्या. पेट्रोल धरलेलं नाही.

तोवर हा लेख मी मनातल्या मनात लिहून ठेवला होता: ‘भंगार, घेऊ नका.’ तो तसाच छापला गेला असता.

मधे एक प्रसंग घडला. आई (वय चौऱ्याऐंशी) दुपारी झोपते म्हणून मी तेव्हा डिस्क तपासायचो. एकदा नेमकी वसंतसेना आणि तिचा प्रियकर चारुदत्त यांच्या रात्रीला ती बाहेर आली. मी रिमोट शोधतोय, रिमोट उशीखाली. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, “अरे, बंद कशाला करतोस? मृच्छकटिकच ना हे? चारुदत्त फारच पोरगेला घेतलाय.” शेखर सुमनचा तो पहिलाच सिनेमा, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही. मग तिने गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकातलं पद म्हणून दाखवलं, पावसात चिंब भिजलेली ललना आपण होऊन धावत येऊन मिठी मारते, त्या भाग्यवान पुरुषाचं. हे पद ती माझ्या लहानपणी तांदूळ निवडताना म्हणायची. बालगंधर्वांनी वसंतसेना केली तेव्हा पुणेकर ऐकायला गर्दी करायचे आणि मी मेथीखाली कव्हर लपवून आणतो! तेव्हापासून कव्हर टीव्हीशेजारी उघडं ठेवलंय.

खरा उलगडा लेकीने केला. ती सुट्टीला आली होती, डिस्कच्या मागे बारीक अक्षरांत ‘पाल’ लिहिलेलं तिने दाखवलं. पाल ही टीव्हीवर चित्र दाखवायची एक पद्धत. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी काढलेला असतो, पाल पद्धत सेकंदाला 25 दाखवते. डिस्क करणारे बहुतेक वेळा काही जुळवाजुळव न करता सिनेमाच थोडा पळवतात. चित्र चार टक्के जोरात पळतं, ते डोळ्यांना कळत नाही. आवाजही तेवढाच पळतो आणि त्याबरोबर चढतो. पेटीवर एक पट्टी चढायला साधारण सहा टक्के वेग लागतो. चार टक्क्यांत गाणं मधेच लोंबकळणार. तासाला अडीच मिनिटं वाचतात, ती मी कोणाकडे मागितली नव्हती.

म्हणजे प्लेअर निर्दोष, विक्रेता निर्दोष. दुकानदाराचे साडेचारशे मात्र निर्दोष नव्हेत, ते मी अजून धरून आहे.

उपाय फुकट निघाला. लॅपटॉपला लेकीचा जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, व्हीएलसी प्लेअर या सिनेमा लावायच्या प्रोग्राममध्ये वेग 0.96 केला. पण एवढ्याने भागत नाही, कारण वेग कमी केला तरी व्हीएलसी सूर मुद्दाम होता तिथेच धरून ठेवतो. ऑडिओच्या सेटिंगमधली ‘टाइम स्ट्रेचिंग’ची खूण काढावी लागते. ती काढल्यावर गाणं लावलं. हिने खालची पट्टी दाबली आणि काही बोलली नाही, फक्त भात्याचा हात हलत राहिला.

त्या रात्री सिनेमा पहिल्यांदा नीट बघितला. अमजद खानचा वात्स्यायन आता पोटातून बोलतो, आधी तो सर्दी झालेल्या कारकुनासारखा वाटायचा. शशी कपूरचा संस्थानक, वसंतसेनेच्या मागे लागलेला (ही भूमिका आधी अमिताभसाठी होती) तेवढा चिडका राहत नाही, जास्त केविलवाणा होतो. आणि वेग उतरल्यावर शृंगारातला आळस परत आला. एक बांगडी, मग दुसरी, मग बाजूबंद. हे पळवून दाखवायचं दृश्यच नाही. चार टक्के कळत नाहीत असं मी वर लिहिलंय, ते मागे घेतो.

नेपथ्याकडेही तेव्हाच लक्ष गेलं. नचिकेत आणि जयू पटवर्धन, आपल्या पुण्याचेच आर्किटेक्ट, ‘22 जून 1897’ हा सिनेमा काढणारे. ‘उत्सव’चं कलादिग्दर्शन त्यांचंच. वसंतसेनेच्या घराच्या भिंतींचा रंग बघा. चारुदत्ताच्या घरात भांडी किती कमी आहेत तेही बघा. गरिबी दाखवायला एकही फाटकं धोतर लागलेलं नाही.

घ्यायची असेल तर घ्या, पण दोनशेच्या वर जाऊ नका. घेण्याआधी मागे ‘पाल’ की ‘एनटीएससी’ (दुसरी टीव्ही पद्धत, तिच्यात सिनेमा सहसा असा पळवत नाहीत) ते भिंगाने वाचा, विक्रेता हसला तरी. लॅपटॉप टीव्हीला जोडायची केबल घरात नसेल तर तिचे पैसे वेगळे धरा. माझा प्लेअर सध्या माळ्यावर आहे, लेन्स नुकतीच साफ केलेली. कोणाला हवा असेल तर साडेचारशेला देईन.