लाकडी पाटणी आणि काँक्रीट यांवरील टाइल्सकाम
बडोद्यात दांडिया बाजारातील आमचे स्वयंपाकघर अर्धे जुन्या सागवानी पाटणीवर, म्हणजे फळ्यांच्या जमिनीवर, आणि अर्धे नंतर वाढवलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर आहे. आधीच्या कारागिरांनी दोन्हींवर सलग टाइल्स बसवल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात नेमक्या सांध्यावर तडा गेला, कारण लाकूड दमटपणाने फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि काँक्रीट तितके हलत नाही. यंदाच्या कारागिरांनी मात्र सैल फळ्या स्क्रूने आवळल्या, त्यांवर सिमेंट बोर्ड बसवून पातळी जुळवली, लवचीक पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह वापरले आणि दोन टाइल्समधील रेघ बरोबर सांध्यावर आणून तेथे ग्राउटऐवजी (फटी भरण्याच्या सिमेंटच्या मिश्रणाऐवजी) लवचीक सिलिकॉन भरले. मापे घेण्यातच त्यांनी एक दिवस घालवला. तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. मजुरी थोडी अधिक पडली. सिलिकॉनचा रंग मात्र ग्राउटशी तंतोतंत जुळलेला नाही.