कॉल ऑफ कथुलू स्टार्टर सेट: कीपरच्या खुर्चीतून

भुताखेतांची हौस असणाऱ्यांनी हा गेमचा डबा घ्यावा की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. जुने कागद उकरायची हौस असेल तर मात्र डोळे मिटून घ्या.

मी दिवाणी वकील. टायटल सर्च, म्हणजे मालमत्तेची मालकी तपासणं, हे माझं रोजचं काम. सब-रजिस्ट्रारकडे बसून तीस वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्तांच्या नोंदी, चाळायचे, फेरफार जुळवायचे, मधलाच एखादा वारस अचानक कुठे गडप झाला ते शोधायचं. भाचा म्हणाला, "मावशी, हा तुझ्याच धंद्यातला गेम आहे, फक्त शेवटी काहीतरी भयंकर निघतं." मी म्हटलं, आमच्याकडेही निघतं. एवढ्यावर त्याने डबा माझ्या गळ्यात मारला आणि वर कीपरही, म्हणजे खेळ चालवणारीही, मीच व्हायचं असं ठरवून टाकलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉल ऑफ कथुलू हा टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा गेम. सँडी पीटरसनने तो रचला, केऑसियम कंपनीने 1981 साली काढला. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथाकाराच्या कथांमधलं विश्व त्यात आहे. सध्या सातवी आवृत्ती चालते आणि हा स्टार्टर सेट तिचाच. खेळणारे बहुधा 1920 च्या दशकातल्या अमेरिकेतले साधे लोक असतात: पत्रकार, प्राध्यापक, डॉक्टर, जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांना म्हणायचं इन्व्हेस्टिगेटर. बाकीचं सगळं जग, म्हणजे शेजारी, पोलिस, ग्रंथपाल, पाऊस आणि तळघरात जे काही असेल ते, एकटा कीपर सांभाळतो. तलवारी नाहीत, जादूगार नाहीत. बंदूक असते, पण तिच्या भरवशावर राहणारा फार टिकत नाही.

डब्यात तीन पुस्तिका, तयार कॅरॅक्टर, कोरे कॅरॅक्टर शीट, हँडआऊट (खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद) आणि फासे. पहिल्या पुस्तिकेत 'अलोन अगेन्स्ट द फ्लेम्स' नावाचा एकट्याने खेळायचा सिनॅरिओ, म्हणजे खेळायची गोष्ट, आहे. बसने प्रवास करणारा माणूस एम्बरहेड नावाच्या गावात अडकतो, आणि आपण 'अमुक करायचं असेल तर तमुक नोंदीवर जा' करत पुढे सरकतो. कीपर होणाऱ्याने हा आधी एकदा तरी खेळावाच. कॅरॅक्टर कसं बनवायचं, फासे कधी टाकायचे, हे गोष्टीच्या ओघातच शिकवलेलं आहे. नियम समजावून सांगायची इतकी चांगली पद्धत मी दुसऱ्या कुठल्या बैठ्या खेळात पाहिलेली नाही.

नियम तसे सोपेच. प्रत्येक स्किल टक्क्यांत असतं. लायब्ररी यूज, म्हणजे ग्रंथालयात माहिती शोधायचं स्किल, 60 असेल तर दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे (एक दशकाचा, एक एककाचा) आणि 60 किंवा खाली यायला हवं. काम अवघड असेल तर निम्म्यात, म्हणजे 30 च्या आत. फारच अवघड असेल तर पाचव्या हिश्श्यात, म्हणजे 12. हे चहा उकळेपर्यंत सांगून होतं.

खरी गंमत तिसऱ्या पुस्तिकेत. तिच्यात तीन सिनॅरिओ आहेत आणि पहिला, 'पेपर चेस', एक कीपर आणि एकच खेळाडू अशा दोघांसाठी आहे. हा निर्णय ज्याने घेतला त्याला माझा नमस्कार. पहिल्यांदा कीपर होताना समोर चौघे बसले की एक फोनमध्ये, एक दुसऱ्याच्या कानात, आणि आपण पानं उलटतोय, असं होतं. एकच खेळाडू असला की पान शोधायला मिनिटभर लागलं तरी कुणाचा रसभंग होत नाही.

गोष्ट अशी: किंबल नावाचा पुस्तकवेडा गृहस्थ घरातून नाहीसा झालेला. पुढे त्याच्या घरातून त्याचीच आवडती पुस्तकं चोरीला जातात. पुतण्या इन्व्हेस्टिगेटरला कामाला लावतो. शेजाऱ्यांना विचारा, जुनी वर्तमानपत्रं चाळा, जवळच्या कबरस्तानात चक्कर मारा. पुढचं सांगत नाही. पण शेवट गोळीबारानेच व्हायला हवा असं नाही, आणि बोलण्यातून झाला तर जास्त अंगावर येतो.

आता टेबलावर काय झालं ते सांगते, कारण नव्या कीपरचं घोडं नेमकं इथे अडतं. भाच्याने पत्रकार घेतला होता. वर्तमानपत्राच्या दप्तरात गेला, फासे टाकले, आले 83. नापास. पुढचा धागा त्या जुन्या अंकांतच होता. गेममध्ये यावर पुश करण्याची सोय आहे. खेळाडूला पुन्हा फासे टाकता येतात, पण आता वेगळं काय करतोय ते सांगायला हवं, आणि या वेळी फसलं तर जास्त महागात पडेल ही सूचना कीपरने आधी द्यावी. तो म्हणाला, "मी शिपायाच्या हातात डॉलर ठेवतो आणि ऑफिस बंद झाल्यावर आत थांबतो." मी म्हटलं, "थांब. पण सापडलास तर थेट पोलिसांत." टाकले. पुन्हा नापास.

म्हणजे धागा तुटला? नाही. पोलिस ठाण्यात त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि दम देता देता एक पोलिस बोलून गेला, "त्या कबरस्तानाची चौकशी करणारे तुम्ही पहिले नाही." भाचा ताठ बसला. पुढचा सगळा खेळ त्या एका वाक्यावर चालला, शिवाय आता पोलिसांची नजर त्याच्यावर होती. कीपरने एवढंच सांभाळायचं: माहिती मिळणार की नाही हे फाशांवर सोडायचं नाही. ती मिळवायला काय मोजावं लागणार, ते फाशांना ठरवू द्यायचं. सहज दिसणाऱ्या गोष्टीसाठी तर फासे टाकायचेच नाहीत. टेबलावर पत्र पडलंय आणि माणूस टेबलापाशी गेलाय, तर पत्र द्या. ही अडचण इतकी जुनी आहे की तिच्यावर उत्तर म्हणून वेगळी नियमपद्धतच निघाली: रॉबिन लॉजची गमशू. तिच्यावर बेतलेल्या, 2008 च्या 'ट्रेल ऑफ कथुलू'मध्ये योग्य कौशल्य असलेल्याने योग्य ठिकाणी शोधलं की दुवा मिळतोच. स्टार्टर सेटमध्ये या विषयावर आणखी दोन पानं असती तर बरं झालं असतं. नवा कीपर इथेच घाबरतो.

हँडआऊट हा या डब्याचा प्राण. पत्रं, कात्रणं, डायरीची पानं. आम्ही बोललो मराठीत आणि हे कागद जसेच्या तसे इंग्रजीत हातात दिले. माझ्या तोंडून पन्नास वाक्यांत जे झालं नसतं ते एका कात्रणाने होतं. माणूस कागद हातात घेतो, पुन्हा वाचतो, तारखेवर बोट ठेवतो आणि आपोआप आवाज खाली आणतो. हँडआऊट देऊन झालं की कीपरने गप्प बसावं. मला हे कोर्टात जमतं, घरी जरा वेळ लागला.

सॅनिटीबद्दल, म्हणजे मनाच्या तोलाबद्दल, दोन शब्द. भयंकर काही दिसलं की सॅनिटीचे पॉइंट जातात. एका फटक्यात पाच किंवा जास्त गेले तर बुद्धीचा, म्हणजे इंटेलिजन्सचा, रोल करायचा. गंमत अशी की हा रोल पास होणं वाईट. पास झालात म्हणजे समोर काय आहे ते तुम्हाला नीट कळलं, आणि म्हणूनच तोल गेला. ज्याला कळलं नाही तो वाचला. हा नियम मला बेहद्द आवडला. मात्र मानसिक आजाराची थट्टा व्हायला इथे वेळ लागत नाही. कुणाच्या घरात असं दुखणं असू शकतं, तेव्हा काय चालेल, काय नको, हे खेळ मांडण्याआधी विचारून घ्या.

दुसरा सिनॅरिओ, 'एज ऑफ डार्कनेस', मी भाच्याच्या मित्रांना जमवून घेतला. मरणपंथाला लागलेला म्हातारा हॉस्पिटलात बोलावून घेतो आणि तरुणपणी मित्रांसोबत करून ठेवलेला उद्योग निस्तरायला सांगतो. शेवटाकडे एका आडबाजूच्या घरात विधी करायचा असतो आणि तो मध्येच सोडता येत नाही. एक जण मंत्र म्हणतोय, बाकीचे दारं-खिडक्या सांभाळतायत, बाहेर काहीतरी फिरतंय. नेमकी शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि तिन्ही पोरं खुर्चीतून उडाली. कीपर म्हणून एवढं फुकटचं यश मला पुन्हा मिळायचं नाही.

तिसरा, 'डेड मॅन स्टॉम्प', जॅझच्या दुनियेतला, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. तिघांत सर्वांत वेगळा आणि नवख्याला सर्वांत कठीण. त्या काळच्या अमेरिकेतला वर्णद्वेष बाजूला ठेवून तो खेळता येत नाही आणि हसण्यावारी नेऊनही चालत नाही. लव्हक्राफ्ट स्वतः वर्णद्वेष्टा होता हे आता कुणी लपवत नाही, तेव्हा कीपरने हा विषय वाचून मगच बसावं.

तक्रारी आहेतच. सिनॅरिओ वाचायला गोष्टीसारखा छान वाटतो, पण खेळताना 'या बाईला नक्की काय काय माहीत आहे' हे परिच्छेदांच्या पोटातून शोधावं लागतं. मी सरळ वहीत रकाने आखले: माणूस, त्याला काय माहीत, कुणाला सांगेल, काय लपवेल. साक्षीदारांची यादी करतो तसंच. त्यानंतर पुस्तिका उघडावीच लागली नाही. हे पान कंपनीने छापूनच द्यायला हवं होतं.

पैसे घालण्याआधी चाखून बघायचं असेल तर केऑसियमच्या साइटवर क्विक-स्टार्ट रूल्सची पीडीएफ फुकट मिळते. तिच्यात 'द हाँटिंग' आहे, 1981 पासून या गेमसोबत असलेला सिनॅरिओ. 1920 चं बोस्टन, एक बदनाम घर, आणि त्यात काय घडतंय ते शोधून काढा म्हणणारा घरमालक. घरात शिरण्याआधी वर्तमानपत्रं आणि सरकारी दप्तर पालथं घालायला भरपूर वाव आहे. जे थेट घरात घुसतात त्यांचं काय होतं ते मी सांगणार नाही, पण आमच्याकडेही सर्च न करता बयाणा देणारे असतात.

फासे डब्यात एकाच माणसापुरते आहेत. चौघे असाल तर दहा बाजूंच्या फाशांच्या आणखी जोड्या मागवा, आणि मागवताना पांढऱ्यावर काळे आकडे असलेले घ्या. भाच्याने काळपट हिरवे, धुरकट आणले आहेत. प्रत्येक रोलनंतर मला चष्मा पुसावा लागतो.