आधी रेघ की आधी आकार? पिक्सेल आर्ट कॅरेक्टर काढायची कुठली पद्धत घ्यावी

पिक्सेल आर्टचे थोडेफार स्प्राइट (गेममधली छोटी चित्रं) काढून झालेत, टूल हाताखालून गेलंय, झूम करून बघितलं की चित्र बरं दिसतं पण तेच कॅरेक्टर गेममध्ये टाकलं की नुसता रंगीत डाग वाटतो, अशा टप्प्यावर जे अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सॉफ्टवेअरचा प्रश्न सगळे आधी विचारतात म्हणून तो पटकन उरकते. असेप्राइट विकत घ्यावं लागतं, सोर्स कोड उघडा आहे त्यामुळे स्वतः कंपाइल करून वापरता येतं पण त्याला थोडी खटपट आहे. पिक्सेलोरामा फुकट आणि ओपन सोर्स. पिस्केल ब्राउझरमध्येच उघडतं, काही इन्स्टॉल करायला नको. लिब्रेस्प्राइट म्हणजे असेप्राइटच्या जुन्या, जीपीएल या मुक्त परवान्याच्या कोडवरून निघालेली वेगळी शाखा. पैसे टाकायची तयारी असेल आणि अ‍ॅनिमेशन बरंच करायचं असेल तर असेप्राइट घ्या, नाहीतर पिक्सेलोरामा घ्या, ओनियन स्किन (शेजारच्या फ्रेम पुसट दिसणं), लेयर, फ्रेम टॅग (फ्रेमच्या गटाला नाव देणं) दोन्हीकडे आहेत. १६ ते ३२ पिक्सेलच्या कामाला माउस पुरतो, पेनने काढायच्या टॅब्लेटचा फायदा ६४ च्या पुढे जाणवायला लागतो. बास, यावर आठवडा घालवू नका.

खरा निर्णय पहिला लागतो तो साइजचा. १६ बाय १६ मध्ये २५६ पिक्सेल, ३२ बाय ३२ मध्ये १०२४, ६४ बाय ६४ मध्ये ४०९६, म्हणजे प्रत्येक पायरीला काम चौपट होतं आणि अ‍ॅनिमेशन आलं की ते चौपट प्रत्येक फ्रेमला भरावं लागतं. १६ मध्ये शरीराची ठेवण दाखवायला जागाच नसते, तिथे खुणा चालतात. १९८१ च्या डाँकी काँगमधल्या मारिओचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, केस काढायला नकोत म्हणून टोपी, नाक उठून दिसावं आणि तोंड काढायला नको म्हणून मिशी, हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून डंगरी. हा सगळा पोशाख पिक्सेलच्या टंचाईतून आलाय आणि म्हणूनच तो इतका नीट वाचता येतो. ३२ मध्ये उभं राहायची ढब, कपड्याची पद्धत, हातातली वस्तू एवढं बसतं. मधला मार्गही आहे, २०१६ च्या स्टारड्यू व्हॅलीत माणसं १६ रुंद आणि ३२ उंच आहेत, टाइल, म्हणजे जमिनीचे चौकोनी तुकडे, १६ च्या. माझं मत विचाराल तर शिकायला ३२ च घ्या, कारण १६ मध्ये चूक नेमकी कुठली हे कळत नाही आणि ६४ मध्ये चुका डिटेलखाली लपून जातात.

आता मुख्य मुद्दा. कॅरेक्टर सुरू करायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे काळ्या एक पिक्सेलच्या रेघेने पूर्ण आउटलाइन काढायची, आत रंग भरायचे, मग शेडिंग. दुसरी म्हणजे रेघ काढायचीच नाही, एकाच गडद रंगात आख्खा आकार थापायचा, खोडरबराने कोरायचा, तो आकार नुसता बघून ओळखू आला की मगच आत रंग तोडायचे. पहिली पद्धत बहुतेकांना आपसूक येते कारण कागदावर आपण तसंच शिकलोय, पेन्सिलीने कडा आणि मग रंग. कागदावर रेघेची जाडी चित्राच्या मानाने नगण्य असते पण इथे ३२ पैकी एक पिक्सेल म्हणजे रेघच चित्राचा मोठा वाटा खाऊन टाकते.

एकच कॅरेक्टर दोन्ही पद्धतीने काढून बघू म्हणजे कळेल. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण घ्या, एक हात वर पाटीला धरलेला, दुसरा कमरेवर, काष्ट्याचं नऊवारी. ३२ च्या कॅनव्हासवर उंची साधारण २८ पिक्सेल, त्यात पाटी ४-५, डोकं ७-८. आउटलाइनने सुरू केलंत की वर गेलेला हात कमीत कमी ३ पिक्सेल जाड होतो, दोन्हीकडच्या दोन रेघा आणि मधे एक पिक्सेल कातडीचा रंग. हा हात डोक्याच्या शेजारून जातो, डोक्यालाही स्वतःची रेघ आहे, आणि हात नि डोकं यांच्यामधली जी तिकोनी फट असते ना, तिला जागाच उरत नाही, दोन रेघा एकमेकींना चिकटतात आणि तिथे एक काळा गठ्ठा तयार होतो. मग तुम्ही हात बाहेर सरकवता तर तो लांब वाटतो, डोकं लहान करता तर डोळ्यांना जागा नाही, असं करत तास जातो.

आकाराने सुरू केलंत तर गडद रंगात पाटी, डोकं, धड, काष्ट्याचा मागचा फुगा असं सगळं एकत्र थापायचं आणि त्या फटीच्या जागी खोडरबराने ४-५ पिक्सेल काढून टाकायचे. लगेच हात वर दिसतो. कमरेवरच्या हाताच्या कोपरातही तशीच फट काढायची. आत एकही रंग गेलेला नाही तरी बाई पाटी घेऊन उभी आहे हे कळतं. ते कळत नसेल तर शेडिंगने कळणार नाही, आकारच पुन्हा कोरायचा. यासाठी प्रिव्ह्यूची खिडकी सतत १०० टक्क्यांवर उघडी ठेवा, असेप्राइटमध्ये एफ७ ने उघडते, आणि निर्णय तिकडे बघून घ्या कारण ८०० टक्के झूमवर कुठलाही पिक्सेल महत्त्वाचा वाटतो.

मग आउटलाइनवाली पद्धत टाकाऊ का? अजिबात नाही. मोठं डोकं, गोल अंग, भडक पार्श्वभूमीवर पळणारं कॅरेक्टर असेल तर पूर्ण काळी कड फार कामाची, कुठल्याही बॅकग्राउंडवर उठून दिसतं. चित्रकलेत मुळातच रेघेचा हात असणाऱ्यांनी ६४ च्या साइजला आउटलाइननेच सुरू करावं, तिथे ती रेघ परवडते. पण ३२ आणि त्याखाली, आणि विशेषतः तुमचे स्प्राइट ताठ, लाकडी येत असतील तर पद्धत बदलून बघाच, कारण रेघेने काढताना हात आपोआप समोरून उभी, दोन्ही बाजूंनी सारखी आकृती काढतो आणि आकार थापताना वजन कुठल्या पायावर आहे हा विचार आधी येतो.

मधली वाट म्हणजे कड सगळ्यात शेवटी द्यायची आणि तीही रंगीत, हिरव्या साडीला गडद हिरवी, कातडीला गडद तपकिरी, आणि उजेड पडतो तिथे कड फिकी करायची किंवा काढूनच टाकायची. मला हीच सगळ्यात आवडते पण एक अडचण आहे, गेमचं बॅकग्राउंड ठरलेलं नसेल तर फिकी कड कधी कधी त्यात विरघळते, म्हणून दोन-तीन बॅकग्राउंडवर ठेवून बघितल्याशिवाय पक्की करू नका.

शेडिंगबद्दल. कडेपासून आत एकेक पायरी उजळत जायची सवय सगळ्यांना लागते, त्याला पिलो शेडिंग म्हणतात आणि त्याने माणूस फुगवलेल्या उशीसारखा दिसतो. उजेड एका बाजूने पडतोय असं ठरवलं की हे सुटतं, आणि आपल्या कोळणीत तर आयती सोय आहे, पाटीची सावली कपाळावर पडणार, म्हणजे पाटीच्या खालची एक ओळ गडद कातडीची. त्या एका ओळीने पाटी डोक्यावर खरोखर टेकलीय असं वाटतं. दुसरी खोड बँडिंगची, सावलीची पट्टी कडेला समांतर आणि बरोबर तिथेच संपणारी, त्याने पिक्सेलची जाळी दिसायला लागते. सावलीची कड एखाद-दुसऱ्या पिक्सेलने मागेपुढे केली की जातं. काष्ट्याच्या वळणाला पायऱ्यांची पिक्सेलमधली लांबी ३-२-१-१-२-३ अशी क्रमाने कमी-जास्त होत जाणारी ठेवा, ३-१-२-१ अशी आली की वळण खडबडीत दिसतं.

रंग तयार पॅलेटमधून घ्यावेत की स्वतः जमवावेत यावर लोक वाद घालतात पण शिकताना तरी मला यात वादाचं काही दिसत नाही, तयार १६ रंगांचं पॅलेट घ्या. लोस्पेक या साइटवर ढीग पडलेत, डीबी१६ किंवा स्वीटी १६ ने सुरू करा. निन्टेन्डोच्या जुन्या ८ बिट मशीनवर एका स्प्राइटला ३ रंग आणि एक पारदर्शक एवढंच मिळायचं, त्या मानाने १६ म्हणजे चैन आहे. मर्यादेचा फायदा असा की एकच रंग दोन कामांना वापरावा लागतो, कातडीची सावली तीच पाटीचा उजेड, आणि त्यामुळे चित्र आपोआप एका घरातलं वाटतं. स्वतःचं पॅलेट बनवायला लागाल तेव्हा एवढं बघा की सावलीला फक्त काळा मिसळू नका, हिरव्याची सावली निळ्याकडे आणि उजेड पिवळ्याकडे सरकवा. रंग गेमची माहितीही देऊ शकतो, २०१८ च्या सेलेस्टमध्ये नायिका मॅडेलिनचे केस लाल असले की डॅश (एका झटक्यात मारायची झेप) शिल्लक आहे आणि निळे झाले की संपला, एवढ्याशा स्प्राइटवर वेगळा मीटर लागतच नाही.

अ‍ॅनिमेशनला पुन्हा दोन वाटा. प्रत्येक फ्रेम हाताने काढायची, किंवा हात-पाय-डोकं वेगळ्या लेयरवर ठेवून हलवायचे. लेयरची पद्धत जलद वाटते पण ३२ मध्ये हात थोडासा फिरवला की पिक्सेल फाटतात, असेप्राइटमधला रोटस्प्राइट हा फिरवायचा पर्याय बरा आहे तरी नंतर हाताने साफ करावंच लागतं. त्यामुळे लेयर ठेवा पण फिरवू नका, फक्त अख्ख्या पिक्सेलने सरकवा, आणि जे फिरतं ते नव्याने काढा. ६४ च्या पुढे आणि कपडे-शस्त्रं बदलणारं कॅरेक्टर असेल तर लेयरशिवाय निभाव लागणार नाही.

फ्रेम ४ की ८? चार दिशांना ८ फ्रेम म्हणजे ३२ चित्रं, डावी बाजू उजवीवरून उलटवली तर २४, आणि ४ फ्रेम ठेवल्या तर १२. एकट्याने गेम करत असाल तर ४ पुरे. मात्र उलटवताना कोळणीचा वर केलेला उजवा हात डावा होतो आणि उजेडही बाजू बदलतो, एवढं चालवून घ्यायचं का हे सुरुवातीलाच ठरवा. सगळ्या ट्युटोरियलमध्ये चालताना डोकं एक पिक्सेल खाली-वर करायला सांगतात, इथे ते करू नका. डोक्यावर पाटी असलेल्या बाईचं डोकं जवळपास स्थिर असतं, हलते ती कंबर, म्हणून पाटी आणि डोकं जागेवर ठेवून कंबर एक पिक्सेल डावी-उजवी करा आणि काष्ट्याचा फुगा कमरेच्या एक फ्रेम मागून येऊ द्या. फ्रेमचा वेळ असेप्राइटमध्ये मुळात १०० मिलीसेकंद असतो, पाऊल टेकतं त्या फ्रेमला १२०-१४० केलंत की डोक्यावरचं वजन जाणवतं.

सराव कसा करावा, रोज नवीन कॅरेक्टर की तेच पुन्हा पुन्हा, तर माझं ठाम मत तेच पुन्हा. रोज नवीन काढलं की फोल्डर भरतो पण प्रत्येक वेळी त्याच सवयीने काढलेलं असतं. तीच कोळीण एकदा आउटलाइनने, एकदा आकाराने, एकदा नुसत्या ४ रंगांत काढा, तिन्ही शेजारी शेजारी १०० टक्क्यांवर ठेवा, आणि पिक्सेल आर्टशी काही संबंध नसलेल्या घरातल्या कुणालाही विचारा की ही कोण आहे. ज्या चित्राला उत्तर पटकन येतं तिच्यातला आकार ठेवा, बाकी दोघींतले आवडलेले तुकडे त्यावर आणा. दाखवताना किंवा कुठे टाकताना ४ पट, ८ पट असं पूर्ण पटीतच मोठं करा आणि मोठं करायची पद्धत निअरेस्ट नेबर (पिक्सेल एकमेकांत न मिसळणारी) ठेवा, नाहीतर कडा धूसर होतात आणि समोरचा भलत्याच गोष्टीवर मत देतो.