फियाटचं क्लच बेअरिंग 'जुना कंपनी स्टॉक' म्हणून घेत असाल तर आधी हे वाचा

बाबांनी १९८४ ला घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आमच्याकडे अजून चालू आहे, बाबा नाहीत आता पण गाडी आहे, त्यामुळे तिच्यावर खर्च करताना माझा हात आखडत नाही आणि नेमकं हेच मला बेअरिंग विकणाऱ्या माणसाने ओळखलं असणार.

दिवाळीनंतर क्लच दाबला की घर्रघर्र आवाज यायला लागला. मेस्त्री म्हणाले, पेडल दाबल्यावर आवाज येतो म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग गेलं, दाबल्यावर बंद होत असता तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग धरलं असतं. गिअरबॉक्स उतरवला, निघालं तेच. आता नवीन आणायचं कुठून?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता हो. कंपनीने २००० च्या आसपास पद्मिनी बनवणं थांबवलं तरी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्स्या पळत होत्या, त्यांच्यामुळे माल बनत होता, ऑपेरा हाऊसला नाहीतर कुर्ल्याला एक चक्कर मारली की काम व्हायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली आणि आता गिऱ्हाईक उरलंय ते आमच्यासारखं, घरची आठवण म्हणून गाडी ठेवणारं. अशा वेळी कोणी 'जुना स्टॉक, पॅकबंद' म्हटलं की माणूस लगेच भुलतो.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवरून मला मुंबईच्या एकाचा नंबर मिळाला. अगदी गोड बोलणं. "साहेब, कुर्ल्याच्या कंपनीच्या स्टोअरमधला माल आहे, ८८ सालचा, सील तोडलेलं नाही, दोनच पीस राहिलेत." किंमत सांगितली २८००, आणि पुढे म्हणाला जुनं बेअरिंग स्लीव्हसकट, म्हणजे ते ज्या नळीवर बसतं तिच्यासकट, आधी कुरिअर करा, एक्सचेंजमध्ये ३०० कमी करतो. मला वाटलं खराब बेअरिंग ठेवून मी करणार काय, दिलं पाठवून, आणि २५०० रुपये यूपीआयने लगेच भरले. इथे दोन चुका झाल्या, पैसे आधी दिले हे तर आहेच पण जुना पीस हातचा घालवला ही त्याहून मोठी, ते पुढे सांगतो.

डबा आला. पिवळा पडलेला, कोपरे दबलेले, अगदी जुना दिसणारा. आत तेलकट कागदात बेअरिंग, वर भरपूर ग्रीस. आम्ही दोघंही खूश. बसवताना मेस्त्री एवढंच म्हणाले की पेडल जरा जास्त खाली जातंय, रॉड ॲडजस्ट करून दिला आणि गाडी बाहेर काढली. मजुरी ३५०० झाली.

साधारण ३०० किलोमीटर झाले असतील. आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकीच्या चढाला क्लच दाबला तर किंचाळल्यासारखा आवाज, जळका वास, आणि गिअर निघेचना. मागे ट्रकची रांग, घाटात बाजूला घ्यायला जागा नाही, आई शेजारी गप्प बसलेली. कसाबसा माथा पार केला, एका पिकअपवाल्याने टोचन लावून सुरूर फाट्यापर्यंत आणलं, तिथून टेम्पोत घालून गाडी पुण्यात आणली. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, पुन्हा ३५०० मजुरी.

बेअरिंग हातात आलं तेव्हा सगळं कळलं. क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटचा दाब बेअरिंगच्या ज्या तोंडावर येतो तिथे वापराने गोल चरा पडतो, तो घालवायला तोंड ग्राइंडरवर घासलेलं होतं, घासल्याच्या रेघा भिंगातून स्पष्ट दिसत होत्या. म्हणून जाडी कमी, म्हणून पेडल खाली. नंबर हाताने कोरलेला, ओळ वाकडी. आणि मेस्त्रींनी सील उचकटून दाखवलं तर आत ग्रीसच नाही. हे बेअरिंग आत ग्रीस भरून सील केलेलं येतं, ते रॉकेलमध्ये धुवायचं नसतं, धुतलं की आतलं ग्रीस जातं आणि बाहेरून कितीही फासलं तरी आत पोचत नाही. आता जुनं माझ्याकडे असतं तर दोन्हींची जाडी व्हर्निअरने मोजून बसवायच्या आधीच कळलं असतं ना, पण ते त्याने आधीच मागवून घेतलं होतं!

मग घरी येऊन डबा नीट बघितला. ८८ सालचा म्हणे, आणि खालच्या कडेला बारीक अक्षरात वेबसाइटचा पत्ता. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेटच मिळालं ते ऑगस्ट १९९५ मध्ये.

त्याला फोन केला तर आधी "फिटिंग चुकलं असेल", नंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता, लगेच फोन केला असता तर पैसे मधेच अडवण्याची काही आशा असते. तुमच्यावर वेळ आली तर त्याच दिवशी करा.

शेवटी काम झालं ते नाना पेठेतल्या एका बेअरिंगच्या दुकानात. डायनॅमोसारख्या ठिकाणची साधी बेअरिंगं नंबरावर मिळतात, ६२०२ म्हटलं की आतून १५, बाहेरून ३५, जाडी ११ मिलिमीटर, कोणीही देईल. पण रिलीज बेअरिंगवर जोर समोरून येतो, नुसतं माप जुळलं म्हणून साधं बॉल बेअरिंग बसवलं तर ते टिकत नाही, आणि हे त्या दुकानदार काकांनीच मला सांगितलं, साधं द्यायला सरळ नाही म्हणाले. कोल्हापूरच्या एका फियाटवाल्या मित्राने त्याच्याकडचा चांगला पीस मोजून मापं पाठवली, त्यावरून थ्रस्ट, म्हणजे समोरचा जोर, घेणारं बेअरिंग मिळालं आणि ते स्लीव्हवर प्रेसने बसवून घेतलं. हाताने फिरवलं तर जरा जड, सलग फिरत होतं, आधीचं भिंगरीसारखं मोकळं फिरायचं आणि आम्ही त्यालाच चांगलं समजत होतो. गाडी आता व्यवस्थित आहे.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच. मागच्या आठवड्यात त्याच ग्रुपवर नाशिकच्या एकांनी फोटो टाकला, 'जुना स्टॉक मिळाला, नशीब लागतं'. तोच पिवळा डबा. स्लीव्हच्या कडेवर पंचचे दोन ठिपके होते, शेजारी शेजारी, एक जरा खोल. ते ठिपके आमच्या मेस्त्रींनी बाबांसमोर मारले होते, खूण म्हणून. मी लगेच नाशिकवाल्यांना फोन लावला, गिअरबॉक्स अजून खालीच होता.